वजा आणि पडीक

एप्रिल लागला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक छापून येऊ लागतो: उजनी वजा इतके टक्के. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हा हिशेब पटकन उमगत नाही. धरण शून्याच्या खाली कसं जाईल? उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जेमतेम ५३-५४ टीएमसी उपयुक्त साठा, बाकीचा ६३ टीएमसीच्या आसपासचा मृत साठा. उपयुक्त साठा संपला की शून्य, आणि त्याखाली पाणी उपसायला लागलं की वजा. म्हणजे पाणी संपलेलं नसतं, कालव्याला सोडण्याजोगं पाणी संपलेलं असतं. असाच आणखी एक शब्द महसुलाच्या कागदांत आहे: पडीक. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या शिवारांतला मुरमाड माळ बोलताना सहज पडीक ठरतो. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशातही असा झुडपी माळ त्याच खात्यात जातो. दोन्ही शब्द माणसाच्या एकाच गरजेवरून जमीन आणि पाणी मोजतात. माझं म्हणणं असं आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्षी पाहायला निघालेल्या माणसानं हे दोन शब्द बाजूला ठेवावेत, कारण सोलापूर जिल्ह्यात पाहण्यासारखं जे आहे ते नेमकं वजा झालेल्या पाण्यात आणि पडीक म्हटलेल्या माळावर आहे, आणि तेही मार्च ते जूनच्या मधल्या काळात. युरोपात याच महिन्यांत हजारो माणसं फ्रान्सच्या कामार्गला, स्पेनच्या दोन्यानाला, पोर्तुगालच्या गव्हाच्या माळांवर दुर्बिणी घेऊन जातात. त्यांना तिथं जे दिसतं त्याच्याशी सख्खं नातं सांगणारं पुष्कळ काही पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे.

आधी पाणी पाहू. माढा तालुक्यात भीमानगरला धरणाची भिंत आहे आणि तिथून वर करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडपर्यंत भीमेचं पाणी पसरलेलं आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा हा सगळा पसारा खोल पाण्याचा असतो, आणि खोल पाणी लांब पायांच्या पक्ष्यांच्या फारसं उपयोगाचं नसतं. जलाशय जसजसा उतरतो तसतसा काठाशी वीतभर पाण्याचा आणि त्यामागं ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडत जातो. पाणी रोज थोडं मागं सरतं, म्हणून हा पट्टाही रोज नवा असतो. गाळातल्या अळ्या, शिंपले, गोगलगाई आणि डबक्यांत अडकलेली चिलापीची पिलं यांच्यावर चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, चमचे, राखी बगळे गर्दी करतात. रोहित पक्षी, म्हणजे आपले अग्निपंख, याच पट्ट्यासाठी येतात. ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेलं राहतं त्या वर्षी त्यांचं येणंही लांबतं, ही गोष्ट काठावरचा कुठलाही भोई सांगेल. करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, ढोकरी, वांगी, कुगाव, आणि पलीकडे इंदापूरच्या बाजूला डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव ही नावं लक्षात ठेवावीत. भिगवणचं नाव पर्यटकांना ठाऊक असतं. करमाळ्याचा काठ मात्र तितका ठाऊक नाही, आणि गर्दी नसल्यामुळे तो अधिक चांगला आहे.

रोहिताकडे नुसतं थव्याचं छायाचित्र म्हणून पाहिलं तर फार थोडं हाती लागतं. एकच पक्षी निवडावा आणि दुर्बीण दहा मिनिटं त्याच्यावरून हलवू नये. मान खाली येते, चोच उलटी होते, म्हणजे वरचा जबडा खाली आणि खालचा वर, आणि जीभ दट्ट्यासारखी मागंपुढं होत पाणी आत ओढते आणि बाहेर फेकते. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत अळ्या अडकतात. हे चालू असताना पाय स्वस्थ नसतात. पक्षी चोचीभोवती गोल फिरत गाळ तुडवत राहतो, म्हणजे तळाचं खाद्य वर येतं. पाणी आणखी उतरलं की त्या जागी गाळात बांगडीसारखे गोल खड्डे उरलेले दिसतात. थव्यात काही पक्षी मळकट राखी असतात. ती अजून वयात न आलेली पिलं, गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. उजनीवर रोहित घरटी करत नाहीत. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. पण पक्षी तोच, जो भूमध्य समुद्राच्या काठी कामार्गमध्ये आणि स्पेनच्या फुएन्ते दे पिएद्रा या खाऱ्या तळ्यात उन्हाळ्यात वसाहत मांडतो. जातीत तसूभर फरक नाही. फुएन्ते दे पिएद्रालाही पाण्याचा असाच भरवसा नाही. पावसानं दगा दिला की त्या वर्षी तळं कोरडं राहतं आणि एकही पिल्लू होत नाही.

रोहितांनी नजर खेचून घेतली की गाळावरची लहान माणसं दिसत नाहीत, आणि उन्हाळ्याची खरी लगबग त्यांचीच असते. पाणी उतरताना उघडी पडणारी उंचवट्यांची बेटं म्हणजे नदी सुरय आणि छोटे आर्ली यांची प्रसूतिगृहं. नदी सुरयाची पिवळीजर्द चोच आणि काळी टोपी लांबूनही ओळखू येते. छोटा आर्ली मात्र वाळूच्या रंगाचा, बसला की नाहीसाच होतो. यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, ना काडी ना पान. पारा ४२ अंशांवर असताना अंड्याला ऊब देण्याचा प्रश्न नसतो, ते शिजू न देण्याचा असतो. म्हणून सुरय उडतो, पाण्याला पोट घासतो, आणि ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसतो. हीच युक्ती माळटिटवी माळावर करते, तिला फक्त लांबवर जाऊन पाणी शोधावं लागतं. शेकाट्या, तांबड्या काडीसारख्या पायांचा, काठाच्या चिखलातच घर करतो आणि पाणी वाढलं तर घरट्यात भर घालून ते उंच करतो. हा शेकाट्या कामार्गच्या भातखाचरांत आणि मिठागरांतही हेच करत असतो. चित्रबलाकांसाठी भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर जावं. तिथल्या झाडांवर एकेका फांदीला चार-पाच घरटी असतात आणि मोठी झालेली पिलं उन्हात पंख पसरून उभी असतात. इंदापुरात तर याच पक्ष्यांनी गावातल्या जुन्या चिंचा आपल्या म्हटल्या आहेत. खाली कचेरीची वर्दळ आणि वर पिलांचा कलकलाट.

इथं एक आक्षेप हमखास येतो. उजनी ही काही निसर्गाची देणगी नाही. ती धरणानं बुडवलेल्या गावांवर उभी आहे, तिचं पाणी उसाला जातं, आणि ज्याला आपण पक्ष्यांचा पट्टा म्हणतो तो खरं तर पाणी वापरून संपल्याचा पुरावा आहे. आक्षेप वजनदार आहे. पळसदेवचं जुनं मंदिर ज्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं त्या उन्हाळ्यात ते पाहायला गेलेल्या माणसाला विस्थापन काय असतं हे कळल्यावाचून राहत नाही. पण कृत्रिम म्हणजे पक्ष्यांसाठी खोटं, हे मात्र टिकत नाही. कामार्ग हा जगातल्या नावाजलेल्या पाणथळींपैकी एक, पण तिथली ऱ्होन नदी बांधांत कोंडलेली आहे, पाणी पंपांनी आणि पाटांनी फिरवलेलं आहे, आणि रोहितांचे मोठे थवे मिठागरांवर पोसले गेलेले आहेत. इतकंच काय, तिथं रोहितांची वीण विस्कळीत झाली तेव्हा १९७० साली फांगासिए या तळ्यात माणसांनी मातीचं एक बेट मुद्दाम बांधलं. पक्ष्यांनी ते १९७४ साली स्वीकारलं आणि पुढं कित्येक वर्षं फ्रान्समधली रोहितांची पिलं त्याच बेटावर जन्मली. जलाशय कुणी बांधला याच्याशी पक्ष्याला कर्तव्य नसतं. पाणी किती खोल, कधी उतरतं, बेटं कधीपर्यंत कोरडी राहतात, याच्याशी असतं. आणि हे सगळं माणसाच्या हातात आहे, म्हणूनच जबाबदारी वाढते. उलटं उदाहरणही युरोपातच आहे. दोन्याना हे १९६९ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, नैसर्गिक म्हणून जगभर गाजलेलं. भोवतालच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांनी आणि पर्यटन वसाहतींनी जमिनीखालचं पाणी ओढलं, त्यात दुष्काळ पडला, आणि तिथलं बारमाही म्हणवलं जाणारं सर्वांत मोठं तळं, सांता ओलाया, २०२२ आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण आटलं. संरक्षणाची पाटी त्या तळ्याला वाचवू शकली नाही. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी या तीन जागांना रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, उजनी त्या यादीत नाही. यादीत येण्यापेक्षा मे महिन्यात पाणी कोणत्या वेगानं उतरवायचं हे ठरवताना बेटांवरच्या अंड्यांचा विचार झाला तर तो मला अधिक मोलाचा वाटतो. गाळपेर जमिनीचा प्रश्नही त्यातच आला. उघड्या पडलेल्या गाळावर पेरा करणारा शेतकरी आणि त्याच गाळावर चरणारा पक्षी एकाच पट्ट्याचे वाटेकरी आहेत, आणि बेटं सोडून काठाला गाळपेर झाली तर दोघांचंही भागतं.

आता माळाकडे. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो, त्याआधी तिथं पोचलेलं असावं. पहिला तास आवाजांचा. राखी डोक्याचा, काळ्या पोटाचा इवलासा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार असं वाटतं तोच लांब शीळ घालत पुन्हा वर जातो. असं तो कितीतरी वेळा करतो. तुऱ्याचा चंडोल ढेकळावर बसून गातो. याची जी जात इथं आहे तिला साइक्सचा चंडोल म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा या चंडोलाचं पहिलं वर्णन केलं. भारताबाहेर तो कुठंच नाही. पॅरिसच्या विमानाचं तिकीट काढणाऱ्याला हा चंडोल दिसणार नाही. उघड्या मुरमावर धाविक पळत असतो. चार पावलं भरधाव, मग गप्पकन थांबणं, वाकून काहीतरी टिपणं, पुन्हा धाव. आठ-साडेआठ वाजले की पाणवठ्यावर पखुर्ड्या येतात. आधी त्यांची घोगरी किटकिट हवेतून ऐकू येते, मग जोडीजोडीनं पक्षी लांबवर उतरतात, बराच वेळ जमिनीशी दबून राहतात आणि मग काठाशी घाईघाईनं पळतात. नर पाण्यात थोडा आत जाऊन पोट बुडवतो. त्याच्या पोटाच्या पिसांची रचनाच स्पंजासारखी असते. ते पाणी तो दूर माळावरच्या पिलांपर्यंत उडत नेतो आणि पिलं त्याची पिसं चोचीत धरून चोखतात. ज्या जमिनीला आपण पडीक म्हणतो तिच्यावर इतका काटेकोर संसार चालतो. हुदहुद, करवानक, संध्याकाळी रातवा, दिवसा आभाळात घिरट्या घालत एका जागी थबकणारा सापमार गरुड, हे सगळे आहेतच. हा सापमार गरुड स्पेनच्या उन्हाळ्यातही अगदी असाच थबकलेला दिसतो, तीच जात.

पण माळढोक कुठं आहे, हा पुढचा प्रश्न. ज्याच्या नावानं इथलं अभयारण्य आहे, तोच जर दिसत नसेल तर नान्नजला जायचं कशाला? १९७० च्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांच्यामुळे नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं गेलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. जमिनीच्या खरेदी-विक्रीत आणि विकासकामांत अडचणी आल्या, आणि ज्या शेतकऱ्यांच्या ज्वारीच्या रानात हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त फिरला त्यांच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर ऊस, विजेच्या तारा, कुंपणं आणि माळावर लावलेली झाडं यांनी पक्ष्याची जागा हिरावली होती. आता तो इथं एखाद-दुसऱ्या नोंदीपुरता उरला आहे आणि देशात त्याची संख्या दीडशेच्या आत आहे. मी याला यश म्हणणार नाही. तरीही नान्नजला जावं ते याच कारणासाठी, कारण माळढोकासाठी राखलेल्या तुकड्यांवर बाकीचा माळ अजून जिवंत आहे. काळवीट आहेत, लांडगा आहे, धाविक आणि पखुर्डी आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्रगणना करतं, ती याच प्राण्यापक्ष्यांची. माळढोक गेला म्हणून माळ सोडून दिला, तर त्याच्या मागोमाग बाकीचेही जातील.

याला तोड आहे का? आहे, आणि ती भूमध्य हवामानाच्याच प्रदेशातली आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेला कास्त्रो व्हेर्दे नावाचा माळ आहे. तिथं गहू पेरायचा, मग दोन-तीन वर्षं रान पड टाकायचं, त्यावर मेंढरं चारायची, ही जुनी रीत. मोठा माळढोक, छोटा माळढोक, लहान ससाणे सगळे त्या रीतीवर जगणारे. तिथंही शेतकऱ्यांना ही रीत परवडेनाशी झाली, निलगिरी लावण्याचे बेत झाले. १९९५ पासून सरकार आणि युरोपीय संघ तिथल्या शेतकऱ्यांना पड राखण्यासाठी, कापणी उशिरा करण्यासाठी रोख मोबदला देऊ लागले. फ्रान्समधल्या क्रो या दगडगोट्यांच्या माळाची गोष्टही जवळची आहे. सोळाव्या शतकात अ‍ॅडम द क्रापोन यानं द्युरान्स नदीचा कालवा तिथं आणला आणि मोठा माळ हिरव्या गवती शेतांत बदलला. उरलेल्या कोरड्या माळाचं २००१ साली राखीव क्षेत्र केलं, पण मेंढरांना बंदी केली नाही. मेंढरं चरतात म्हणूनच तिथली गवतं आखूड राहतात आणि पक्ष्यांना जमीन मोकळी मिळते. आपल्याकडे मालदांडी ज्वारी काढून झाली की रान उन्हाळाभर मोकळं पडायचं, त्यात धनगर मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात दाणे मिळायचे. ही रीतच माळढोकाची रीत होती. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कौतुक होतं. त्या ज्वारीच्या रानाला आणि तिथं मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराला पक्ष्यांच्या नावानं थोडे पैसे मिळाले असते तर १९७९ नंतरची कटुता कदाचित टळली असती. अभयारण्यानं आपल्याकडे लोकांना ‘करू नका’ असं सांगितलं, कास्त्रो व्हेर्देत ‘जे करत होतात ते करत राहा, खर्च आम्ही देतो’ असं सांगितलं गेलं.

तुलना ताणली जाते आहे, असंही कुणी म्हणेल. भूमध्याकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात गवत फुलतं आणि त्या भरात पक्षी घरटी करतात. आपल्याकडे सहाशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जून ते ऑक्टोबरात. हा फरक खरा आहे आणि पाहणाऱ्यानं तो लक्षात ठेवायलाच हवा. माळढोक, लावे आणि पुष्कळसे गवती पक्षी इथं पावसाची वाट पाहतात, त्यांची वीण मृगानंतर. पण उघड्या जमिनीवर अंडी घालणारे, सुरय, आर्ली, टिटव्या, पखुर्डी, यांना कोरडी जमीनच लागते. म्हणून सोलापूरचा उन्हाळा हा ओसाड मधला काळ नसून दोन हंगामांचा सांधा आहे. एक चालू असतो आणि दुसरा तयारीत असतो. थंडीत हिप्परग्याच्या एकरुख तलावावर बदकं येतात, माळावर भोवत्या ससाणे येतात, ते पाहायला जरूर जावं. ते पाहुणे असतात, घरचे उन्हाळ्यात भेटतात. उन्हाचं म्हणाल तर पक्षीही दुपारी सावली धरतात, तेव्हा माणसानं पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर एवढंच फिरावं. दुपारी दुर्बिणीतून तसंही मृगजळाखेरीज काही दिसत नाही. दोन लिटर पाणी, कानांवरून येणारा पंचा किंवा टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे, आणि एक साधी दुर्बीण पुरे.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याचं उत्तर अर्धंच देता येतं. उन्हाळा विणीचा असेल तर तिथं माणसं नेणं हाच उपद्रव नाही का? आहे. टिटवीची अंडी मुरमाच्या खड्यांसारखीच दिसतात आणि पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. सुरयाला बेटावरून दहा मिनिटं उठवलं तर तेवढ्या वेळात अंडी उन्हानं नासू शकतात, कावळा तर टपलेलाच असतो. म्हणून बेटावर उतरायचं नाही, नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगायचं नाही, आणि तो स्वतः घालत असेल तर पैसे देणाऱ्यानंच त्याला थांबवायचं. माळावर गाडीवाट सोडायची नाही. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला किंवा पंख मोडल्याचं सोंग करू लागला की आपण घरट्यापाशी आहोत हे ओळखून आल्या पावली मागं फिरायचं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. एवढं पाळूनही थोडा उपद्रव उरतोच. पण न पाहिलेल्या जागेची बाजू कुणी घेत नाही, हाही अनुभव जुना आहे. मारुती चितमपल्ली सोलापुरात १९३२ साली जन्मले, वनखात्यात हयात घालवली, पक्षीकोश केला, २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये याच शहरात गेले. रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावं त्यांनी छापील मराठीत आणली. ज्या पक्ष्याला आपल्या भाषेत नाव आहे त्याच्या जमिनीला नुसतं पडीक म्हणून मोकळं होणं थोडं जड जातं.

मृग नक्षत्राच्या सुमारास सगळं पालटतं. आफ्रिकेतून चातक आलेला असतो, काळापांढरा, तुरेवाला, बाभळीच्या शेंड्यावरून ओरडत. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं की भीमा फुगते आणि उजनी वजातून बाहेर येऊ लागते, तशी बेटं एकेक करून बुडायला लागतात. एप्रिलमध्ये घातलेल्या अंड्यांतली सुरयाची पिलं तोवर उडती झालेली असतात, उशिरा बसलेल्या जोड्यांची नसतात. रोहितांचे थवे उठून जातात. नान्नजच्या माळावर पहिल्या दोन पावसांनी कुसळी गवताची कोवळी पाती वर येतात, आणि काळ्या पोटाचा तो चंडोल अजूनही वर चढत, मिटल्या पंखांनी खाली येत असतो.